१२,३४,५६,७८९ या संख्येचे मूळ अवयव कागद-पेन्सिलीने कसे शोधावेत

१ ते ९ हे अंक ओळीने लिहिले की बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद ही संख्या मिळते. तिला ८ ने गुणून ९ मिळवले, तर ९८,७६,५४,३२१ हे तिचे उलटे रूप हाती येते. ही झाली गंमत. संख्येची खरी ओळख मात्र तिच्या मूळ अवयवांवरूनच पटते.

सुरुवात सोप्या कसोट्यांनी करावी. शेवटचा अंक ९ असल्याने २ आणि ५ लगेच बाद होतात. अंकांची बेरीज ४५ येते, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १,३७,१७,४२१ येतो. त्याच्या अंकांची बेरीज २६ असल्यामुळे ३ चे काम येथेच संपते.

७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ असल्यामुळे हे तिन्ही एकदमच तपासता येतात. त्यासाठी लाख-कोटींचे स्वल्पविराम बाजूला ठेवून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत (१३, ७१७, ४२१) आणि आळीपाळीने वजाबाकी व बेरीज करावी: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला या तिघांपैकी कोणानेही निःशेष भाग जात नाही, म्हणून मूळ भागाकारालाही जात नाही.

यापुढे एकेका मूळ संख्येने भागत बसल्यास जवळपास पाचशे भागाकार करावे लागतील. त्याऐवजी १७व्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांची रीत वापरावी. विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली, की अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) या सूत्राने अवयव आपोआप सुटतात. १,३७,१७,४२१ चे वर्गमूळ ३,७०३ हून थोडे अधिक आहे, म्हणून ३,७०४ पासून सुरुवात करावी. ३,७०४² मधून ही संख्या वजा केल्यास २,१९५ उरतात, जो पूर्ण वर्ग नाही. ३,७०५² म्हणजे १,३७,२७,०२५. त्यातून वजा केल्यावर ९,६०४ उरतात, आणि हा ९८ चा वर्ग आहे! म्हणजेच अवयव ३,६०७ आणि ३,८०३. दुसऱ्याच प्रयत्नात उत्तर मिळाले, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत; ते दूर असते, तर हीच रीत कमालीची रेंगाळली असती.

३,६०७ ला ५९ पर्यंतच्या आणि ३,८०३ ला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. दोन्ही मूळ संख्याच ठरतात, म्हणून १२,३४,५६,७८९ = ३² × ३,६०७ × ३,८०३.

आता घातांकांत एकेक मिळवून गुणावे: ३ × २ × २ = १२, म्हणजे एवढ्या मोठ्या संख्येला अवघे बारा विभाजक. त्यांची बेरीज १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६ होते; तीतून संख्या स्वतः वगळली तर ५,४९,६६,०२७ उरतात, जे संख्येच्या निम्म्याहूनही कमी आहेत. शिवाय ३,६०७ ला ४ ने भागल्यास ३ उरतात आणि तो अवयव एकदाच येतो, त्यामुळे ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात कधीच लिहिता येत नाही.