हॉस्पिटलमध्ये कोणी चिडलं तर काय बोलायचं, कसं वागायचं

डॉक्टर असो, सिस्टर असो, वॉर्डबॉय असो नाहीतर रिसेप्शनवरची ताई असो, कधी ना कधी कोणाचा तरी राग अंगावर येतोच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधीतरी मारहाण सहन करावी लागते, आणि शिवीगाळ, धमक्या ऐकलेले तर त्याहून कितीतरी जास्त. तरीपण हे शिकवलं मात्र फार कमी जातं, सलाईन कशी लावायची ते शिकवतात पण समोरचा माणूस ओरडायला लागला तर पहिलं वाक्य काय बोलायचं हे ज्याचं त्यानेच शोधायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. पेशंट स्वतःच अचानक चिडचिड, शिवीगाळ करायला लागला तर आधी त्याची तब्येत बघा, स्वभावावर नंतर या. शुगर कमी झाली की माणूस भांडखोर होतो, ऑक्सिजन कमी पडला की हातातल्या नळ्या ओढतो, डोक्याला मार, खूप ताप, इन्फेक्शन, दारू अचानक बंद होणं, लघवी तुंबणं, नीट न दबलेली वेदना, ह्या सगळ्याने असं होतं. वयस्कर माणसं तर संध्याकाळनंतर जास्त गोंधळतात, चष्मा आणि कानाचं मशीन काढून ठेवलं असेल तर अजूनच. त्यामुळे ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटर आधी, समजावणं त्याच्यासोबत. "पेशंट त्रास देतोय" असं एकाने म्हटलं की पुढची शिफ्टपण तेच म्हणत राहते आणि खरं कारण तसंच राहून जातं, हे फार वाईट आहे.

आता नातेवाईक. इथे राग बहुतेक वेळा भीतीतून आणि काहीच न कळण्यातून येतो. आत आपलं माणूस आहे, दार बंद आहे, लोक आतबाहेर करतायत आणि आपल्याकडे कोणी बघत पण नाही, अशात कोणाचंही डोकं फिरेल. वाट बघायला लागते म्हणून लोक चिडतात असं आपण म्हणतो, पण मला वाटतं किती वेळ आणि कशासाठी हे माहीत असेल तर लोक बऱ्यापैकी थांबतात, काहीच माहीत नसेल तर अर्धा तासपण डोंगराएवढा होतो.

समजा एक मुलगा काउंटरवर येऊन ओरडतोय, "दोन तास झाले, माझ्या आईला काय झालंय कोणी सांगणार आहे का नाही?" इथे "शांत व्हा" म्हणू नका. चिडलेला माणूस "शांत व्हा" ऐकून आजवर शांत झाल्याचं मी तरी बघितलेलं नाही. "इथे सगळेच पेशंट आहेत", "ते माझं काम नाही", "आम्हालापण जेवायला वेळ नाही" हे सगळं खरं असलं तरी त्या क्षणी तेल ओतल्यासारखं होतं. त्याऐवजी काउंटरच्या मागून बाहेर या, स्वतःचं नाव सांगा आणि म्हणा, "दादा, दोन तास काही न कळता बसणं खरंच अवघड आहे. तुमच्या आईंचं रक्त तपासायला दिलंय, त्या रिपोर्टवर पुढचं ठरणार आहे. मी अर्ध्या तासाने येऊन तुम्हाला सांगते, रिपोर्ट आला नसेल तरी येते." आणि मग खरंच जायचं. नवीन काही सांगायला नसलं तरी जायचं, कारण तो मुलगा घड्याळ बघत बसलेला असतो आणि तुम्ही गेला नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्यावर कोणीच विश्वास ठेवणार नाही.

बोलताना आवाज त्याच्यापेक्षा खाली ठेवा, वाक्यं छोटी ठेवा. खूप संतापलेल्या माणसाच्या डोक्यात लांबलचक स्पष्टीकरण शिरतच नाही, शरीरात अॅड्रेनालिन उसळलेलं असतं, त्यामुळे एकच गोष्ट दोनतीनदा सांगावी लागते, त्याचा कंटाळा करू नका. तो जे म्हणतोय त्यात खरं काय आहे ते शोधा आणि तेवढं मान्य करा, उशीर झाला असेल तर "हो, उशीर झालाय, सॉरी" म्हणा. आणि एका वेळी एकानेच बोलायचं. चार जण चार बाजूंनी समजवायला लागले की त्याला वाटतं आपल्याला घेरलंय.

दोन हात लांब उभे राहा, समोरासमोर छातीला छाती लावल्यासारखं नको, थोडं तिरकं. दाराचा रस्ता तुमच्यासाठीपण मोकळा हवा आणि त्याच्यासाठीपण. एकटक रोखून बघणं, आवाज चढत जाणं, अस्वस्थपणा, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, येरझारा घालणं ही पुढे काहीतरी होणार असल्याची लक्षणं आहेत, दिसली की आधीच सिक्युरिटीला सांगून ठेवा. मर्यादा घालताना धमकी नको, साधं सांगा, "मला तुमची मदत करायची आहे, पण शिव्या दिल्यात तर मला इथून जावं लागेल, हळू बोललात तर आत्ताच बसून बोलू." कोणी हात उगारला, हातात वस्तू घेतली, की बोलणं संपलं. तिथून निघा आणि मदत बोलवा, त्यात कमीपणा काही नाही, आपला जीव आधी.

वाईट बातमीनंतरचा राग वेगळा असतो, तो कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितल्यामुळे वाढतो. खोलीत नेऊन बसवा, त्यांना आधी किती माहीत आहे ते विचारा, मग साध्या शब्दांत सांगा आणि गप्प बसा. ही शांतता सहन होत नाही म्हणून आपण मेडिकल माहिती देत सुटतो, ते टाळा. कोणी रडतारडता "तुम्हीच मारलं" म्हणालं तर तिथल्यातिथे स्वतःचा बचाव सुरू करू नका, प्रश्नांची उत्तरं द्यायची वेळ नंतर येते आणि तेव्हा ती नीट, काही न लपवता द्यायची.

आपापसातली भांडणं हा तर वेगळाच विषय, आणि त्याने पेशंटचं नुकसान थेट होतं, कारण ज्या सीनियरला फोन करायची भीती वाटते त्याला फोन उशिरा जातो. फोनवर आधी आत्ता काय होतंय, मग मागची हिस्टरी, मग तुम्हाला काय वाटतं आणि शेवटी तुम्हाला काय हवंय, ह्या क्रमाने बोललं की चिडायला जागा कमी राहते. ह्या क्रमाला एसबार (SBAR) पद्धत म्हणतात, ती अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलात आली. डोस चुकीचा वाटला तर "सर, मला काळजी वाटतेय, हा डोस एकदा बघाल का" असं म्हणा, ऐकलं नाही तर परत एकदा म्हणा, तरी नाही तर त्यांच्या वरच्यांना सांगा. सीनियर असाल तर ज्युनियरला पेशंटसमोर झापू नका, बाजूला घ्या.

सगळं निवळलं की त्याच दिवशी लिहून काढा. "नातेवाईक आक्रमक होते" असं नाही, तर किती वाजता, कोण काय म्हणालं जसंच्या तसं, आपण काय केलं. आणि ज्याच्या अंगावर हे आलं त्या सहकाऱ्याला लगेच पुढच्या बेडवर पाठवू नका, पाणी द्या, दहा मिनिटं बसू द्या, त्याचे पेशंट तेवढा वेळ दुसऱ्या कोणी तरी बघा.