घरच्या साध्या सॉकेटवरून इलेक्ट्रिक कार चार्ज करताना या चुका टाळा

घरातल्या १६ अँपिअरच्या थ्री-पिन सॉकेटवर इलेक्ट्रिक कार चार्ज करता येते. गाडीसोबत मिळणारी पोर्टेबल चार्जिंग केबल त्याचसाठी असते. प्रश्न आहे तो त्या सॉकेटला किती सोसावे लागते याचा. गीझर पाणी तापले की बंद होतो, इस्त्री थर्मोस्टॅटमुळे थांबत-थांबत चालते. गाडी मात्र १० ते १५ अँपिअरचा प्रवाह सलग आठ-दहा तास ओढत राहते. घरातले दुसरे कोणतेही उपकरण सॉकेटची अशी परीक्षा घेत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेल्या सॉकेटमधला जुना दोष गाडी लावायला लागल्यावर उघडा पडतो आणि खापर मात्र गाडीवर किंवा चार्जरवर फुटते. प्रत्यक्षात अशा बहुतेक तक्रारींचे मूळ भिंतीतल्या चार-दोन स्क्रूंमध्ये आणि पिना पकडणाऱ्या पितळी पट्ट्यांमध्ये सापडते.

एमसीबीवर विसंबणे

“एमसीबी बसवलेला आहे, काही झाले तर तो पडेलच,” ही समजूत सर्वांत महागात पडणारी आहे. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच पडतो. सॉकेटमधल्या सैल जोडात जी उष्णता तयार होते, ती प्रवाह अगदी नेमून दिलेला असतानाही होते. उष्णतेचे प्रमाण प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध असे असते. समजा, पिन आणि पट्टी यांच्यामधल्या सैल स्पर्शामुळे तिथे केवळ ०.१ ओहमचा रोध आला आणि गाडी १३ अँपिअर घेत असेल, तर त्या एका बिंदूवर सुमारे १७ वॅट उष्णता सतत निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीत, भिंतीच्या आत, तसेच काहीतरी रात्रभर पेटते ठेवल्यासारखे होते. या सगळ्या वेळात एमसीबीला दिसतात ते निव्वळ १३ अँपिअर, आणि १६ अँपिअरचा एमसीबी तर त्याच्या मानकानुसार १८ अँपिअरपर्यंत तासभर पडणे अपेक्षितच नसते. आरसीसीबीचाही, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणाऱ्या स्विचचाही, इथे उपयोग नाही, कारण तो फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला की नाही एवढेच तपासतो, आणि सैल जोडात गळती होत नाही.

शिवाय हा दोष स्वतःच वाढत जातो. तापलेल्या पट्टीचा स्प्रिंगपणा कमी होतो, पकड आणखी सैल होते, रोध वाढतो आणि पट्टी आणखी तापते. म्हणून तपासणी आपल्यालाच करावी लागते. नव्या सॉकेटवर पहिल्यांदा चार्जिंग लावल्यावर तासाभराने प्लगच्या पाठीला आणि सॉकेटच्या चेहऱ्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागले तर चिंता नाही. हात काही सेकंदही टिकत नसेल, तर चार्जिंग तत्काळ थांबवावे. प्लास्टिक पिवळट-तपकिरी पडणे, पिनेवर काळपट-निळसर डाग येणे, जळकट किंवा मासळीसारखा वास येणे, प्लग ओढताना अडकणे किंवा उलट अगदी अलगद निघून येणे, यांपैकी एकही खूण दिसली तरी ते सॉकेट बाद समजावे. काही चांगल्या केबलींच्या प्लगमध्ये तापमानाचा सेन्सर असतो आणि प्लग तापला की केबलवरची नियंत्रण पेटी आपणहून प्रवाह कमी करते. अशा वेळी “आजकाल गाडी फार हळू चार्ज होते” या तक्रारीमागे तापलेले सॉकेटच असू शकते.

इथे दुरुस्तीतही एक चूक सर्रास होते. सॉकेट बदलले जाते, पण जळकी पिन कानशीने घासून तोच प्लग पुन्हा वापरला जातो. खडबडीत झालेली पिन नव्या पट्टीला पुरता स्पर्श करत नाही आणि नवे सॉकेटही त्याच वाटेने जाते. प्लग साच्यात ओतलेला, म्हणजे न उघडणारा असेल, तर केबल अधिकृत सेवाकेंद्राकडून बदलून घ्यावी. प्लग कापून बाजारातला दुसरा जोडल्यास आतल्या तापमान-सेन्सरच्या तारा तुटतात आणि संरक्षण नाहीसे होते.

वायर आणि जोड

सॉकेट नवे आणि दणकट असले, तरी त्याच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. पार्किंगमधला पॉइंट बहुधा दुसऱ्याच कशावरून तरी ओढलेला असतो: आधी जिन्यातला दिवा, मग पंप, मग हा सॉकेट. अशा साखळीतल्या प्रत्येक जोडातून गाडीचा पूर्ण प्रवाह जातो आणि सर्वांत कच्चा जोड, कधी कधी नुसता पीळ घालून टेप गुंडाळलेला, गाडीपासून दोन खोल्या दूरही असू शकतो. गाडीसाठी वितरण बोर्डापासून थेट सॉकेटपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर ओढावी. तिची जाडी कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटर आणि अंतर बरेच असेल तर ४ चौरस मिलिमीटर असावी. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी असतात. त्यांना तांब्याची वायर नुसती पिळून जोडल्यास जोड कालांतराने गंजतो आणि सैल पडतो.

वायरमनने अनेकपदरी वायरचे टोक सोल्डर करून स्क्रूखाली दाबले असेल, तर तेही सुधारून घ्यावे. काम नीटनेटके दिसते, परंतु दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत घट्ट स्क्रू सैल होतो. टोकाला योग्य मापाचा लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवणे हाच बरा मार्ग. शक्य असेल तिथे तर घरगुती सॉकेटऐवजी निळ्या रंगाचा गोल इंडस्ट्रियल सॉकेट बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची पकड मजबूत असते, झाकण असते आणि तो दीर्घकाळच्या भारासाठीच घडवलेला असतो. त्याला बसणारा प्लग असलेली केबल मात्र उत्पादकाकडूनच घ्यावी, मध्ये ॲडॅप्टर जोडू नये.

एक्स्टेन्शन बोर्ड हा तर वेगळाच विषय आहे. बाजारात मिळणाऱ्या कित्येक एक्स्टेन्शनमध्ये १ चौरस मिलिमीटरची वायर असते. अशी २० मीटर वायर वापरली, तर जाण्या-येण्याचे ४० मीटर धरून रोध सुमारे ०.७ ओहम होतो. १३ अँपिअरला त्यात नऊ-दहा व्होल्ट गळतात आणि सुमारे १२० वॅटची उष्णता होते. वायर जमिनीवर मोकळी पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत निघून जाते. रिळावर गुंडाळलेली असेल तर आतले वेढे एकमेकांना तापवतात आणि आवरण वितळून वेढे चिकटतात. म्हणून चांगल्या रिळांवर गुंडाळलेल्या आणि पूर्ण उलगडलेल्या अवस्थेसाठी भाराच्या दोन वेगवेगळ्या मर्यादा छापलेल्या असतात. केबलच्या उत्पादकाने एक्स्टेन्शन वापरू नका असे लिहिलेले असते, ते शब्दशः पाळावे. मल्टिप्लग आणि ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटात मोठी पिन बसवणारे कन्व्हर्टर यांविषयी अधिक बोलण्याची गरज नाही.

अर्थिंगचा लाल दिवा आणि त्यावरचे जीवघेणे उपाय

केबलवरच्या पेटीत नुसते स्विच नसते. गन, म्हणजे केबलचे गाडीत घालायचे टोक, गाडीत बसल्यावर ती पेटी आधी अर्थिंग तपासते, मग एका बारीक संकेतवाहक तारेवरून १ किलोहर्ट्झचा संकेत गाडीला पाठवते. त्या संकेताच्या प्रत्येक आवर्तनात तो किती वेळ चालू राहतो यावरून जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे हे गाडीला कळते. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर. हे सगळे जुळले तरच पेटीतला काँटॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा स्विच, जोडला जाऊन वीज गाडीपर्यंत जाते. अर्थिंग नसेल, कमजोर असेल, किंवा सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असतील, तर बऱ्याच पेट्या लाल दिवा दाखवून चार्जिंगच नाकारतात.

हा लाल दिवा घालवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडण्याचा ‘उपाय’ अनेक वायरमन सुचवतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होऊ लागते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु पुढे त्या लाइनचा न्यूट्रल कुठेही तुटला किंवा सैल झाला, की फेजची वीज गाडीतल्या उपकरणांतून फिरून त्या तुकड्यावाटे थेट गाडीच्या धातूच्या अंगावर येते. ओल्या फरशीवर उभे राहून दाराला हात लावणाऱ्या माणसासाठी ते प्राणघातक ठरू शकते. दोष शोधण्याऐवजी दोष सांगणाऱ्या यंत्राचे तोंड बंद करण्याचा हा प्रकार कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये.

योग्य तपासणी अशी असते. वायरमनने मल्टिमीटर लावल्यावर फेज-अर्थ यांमधला व्होल्टेज फेज-न्यूट्रलइतकाच, म्हणजे २३० व्होल्टच्या आसपास यावा आणि न्यूट्रल-अर्थ यांमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक दिसू नये. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो आणि गंजून एका धाग्यावर टिकलेली अर्थ वायरसुद्धा त्याला ठीकच दिसते. अर्थ लूपचा, म्हणजे फेजपासून अर्थवाटे परत जाणाऱ्या पूर्ण मार्गाचा, रोध मोजणाऱ्या टेस्टरने केलेली चाचणीच खरी. ओल्या दिवसांत नीट चालणारी आणि कडक उन्हाळ्यात अर्थची चूक दाखवणारी पेटी बिघडलेली नसते. जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडचा रोध वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर गाडी लावल्यास हीच चूक दिसते, कारण तिथला न्यूट्रल बहुधा जमिनीशी जोडलेलाच नसतो.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो काढून टाकणे ही अर्थिंगच्या खोडसाळपणाचीच दुसरी बाजू होय. एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर फ्रिज, संगणक, वॉशिंग मशिन आणि गाडी असेल, तर प्रत्येकाची थोडी-थोडी गळती मिळून तो पडतो. गाडीच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा आणि तो ‘ए’ प्रकारचा असावा. जुना ‘एसी’ प्रकार फक्त प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत बदलणारी, गळती ओळखतो. गाडीच्या चार्जरमधून येणारी स्पंदित एकदिश, म्हणजे एकाच दिशेने ठोक्याठोक्याने वाहणारी, गळती त्याला ओळखता येत नाही.

हळू होते, अर्ध्यात थांबते

काही तक्रारी दोषाच्या नसतात, हिशेबाच्या असतात. ४० किलोवॅट-तासांची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर तिच्यात ३२ युनिट जावे लागतात. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट, त्यातले वाटेतले नुकसान वजा जाता बॅटरीत सुमारे २ किलोवॅट पोहोचतात. म्हणजे सोळा तास. १५ अँपिअरला हेच काम साडेदहा-अकरा तासांत होते. रात्री दहाला गाडी लावून सकाळी सहाला शंभर टक्के दिसत नाहीत, म्हणून चार्जर बदलून आणणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा. बॅटरी रिकामी होईपर्यंत वाट पाहण्याऐवजी रोज किंवा एक दिवसाआड थोडे-थोडे भरणे साध्या सॉकेटला अधिक मानवते.

प्रवाह किती ठेवावा? सॉकेट घरगुती असेल तर गाडीच्या पडद्यावरून किंवा पेटीवरून तो १० अँपिअरवर आणावा. १५ वरून १० केला की जोडावरची उष्णता निम्म्याहूनही कमी होते. पण त्याच ओघात ६ अँपिअरपर्यंत उतरू नये. चार्जिंग चालू असताना गाडीचे संगणक, पंप आणि १२ व्होल्टची यंत्रणा जागी असते आणि ती दोन-तीनशे वॅट खाते, जेमतेम १.४ किलोवॅटमधून तेवढे गेले तर विजेचा मोठा वाटा बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही.

चार्जिंग रोज एका ठरावीक वेळी सुरूच होत नसेल, तर गाडीत आणि पेटीत किंवा ॲपमध्ये असे दोन टायमर एकाच वेळी लावलेले आहेत का ते पाहावे; दोघांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर गाडी रात्रभर वाट पाहत बसते. टायमर एकाच ठिकाणी ठेवावा. मध्येच थांबत असेल, तर चार्जिंग चालू असताना सॉकेटवरचा आणि बोर्डावरचा व्होल्टेज मोजून घ्यावा. दोन्हींत सात-आठ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष मधल्या वायरीत किंवा जोडात आहे. दोन्ही ठिकाणी सारखाच खाली गेला असेल तर तो बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याचा आहे. उन्हात पडलेली काळी पेटी तापूनही थांबते. ती सॉकेटवर लोंबकळती ठेवू नये, तिच्या वजनाने प्लग वाकडा होऊन पकड सुटते. सावलीत, पावसाच्या थेट माऱ्याबाहेर, हूकला टांगावी.

जोडताना आधी भिंतीत, मग गाडीत. काढताना आधी गाडीच्या पडद्यावरून किंवा ॲपवरून चार्जिंग थांबवून गन काढायची आणि शेवटी भिंतीतला स्विच बंद करायचा. भार चालू असताना प्लग ओढला तर पिन आणि पट्टी यांमध्ये ठिणगी उडून दोन्हींना खड्डे पडतात. गन गाडीत अडकून बसली तर ती हिसकू नये: गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करावी, तरीही सुटली नाही तर भिंतीतला स्विच बंद करून मिनिटभर थांबावे. त्यानेही काम झाले नाही, तर बहुतेक गाड्यांत बोनेटखाली किंवा डिकीच्या कडेला हाताने ओढायची आपत्कालीन दोरी असते. ती नेमकी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.