कॉलेजचं कला प्रदर्शन लावताय? या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनातून लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात, ते चित्रं वाईट असतात म्हणून नव्हे. बहुतेक वेळा काम बरं असतं, काही तर जहांगीरच्या भिंतीवरही शोभेल असं असतं. गडबड होते ती लावण्यात. प्रदर्शन परीक्षकासाठी लावलेलं असतं, हे त्या गडबडीचं मूळ. परीक्षकाला विषय ठाऊक असतो, असाइनमेंट ठाऊक असते, शिवाय शेजारी उभे राहून सर समजावत असतात. पण त्याचं काम अर्ध्या दिवसात आटोपतं. उरलेले दिवस येतात ते आई-बाबा, डोंबिवलीची मावशी, ऑफिस सुटल्यावर सीएसएमटी गाठता गाठता १८५७ सालापासूनच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात डोकावणारा एखादा माणूस, आणि पुढच्या वर्षी प्रवेश घ्यावा का अशा विचारात असलेली बारावीची मुलगी. यांच्या शेजारी उभं राहून सांगायला कुणी नसतं. जे सांगायचं ते भिंतीने सांगायला हवं.

जागा आहे म्हणून भिंत भरणे

भांडणं इथेच होतात, म्हणून आधी हिशेब करा. समजा २० फुटांची भिंत आहे, म्हणजे २४० इंच. तीस इंच रुंदीची पाच चित्रं लावली तर १५० इंच गेले, उरले ९०. दोन्ही टोकं धरून सहा मोकळ्या जागा, प्रत्येकी १५ इंच. डोळ्याला श्वास घ्यायला एवढी जागा पुरते. आता त्याच भिंतीवर ‘अजून दोनच’ म्हणून सात चित्रं कोंबा. उरतात ३० इंच आणि जागा आठ, म्हणजे प्रत्येकी चार इंचही नाहीत. एकाचं निसर्गचित्र दुसऱ्याच्या अमूर्त चित्राला जवळजवळ चिकटतं आणि दोन्ही मरतात.

तिची चार लागली मग माझी तीनच का, हा वाद संख्येवरून कधीच मिटत नाही. वाटप लांबीवर करा: प्रत्येकाला इतके फूट, त्यात एक लावा नाहीतर पाच. एकाच मालिकेतली छोटी कामं तीन-चार इंचांच्या अंतराने एकत्र चालतात, पण दोन वेगळ्या हातांच्या कामांत किमान फूट-दीड फूट तरी सोडा. निवड करताना वर्गातल्या कुणाला विचारू नका, दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी बोलवा. शिल्पकलेची मुलं पेंटिंगची कामं फार निर्दयपणे गाळतात आणि बहुधा बरोबर गाळतात.

मांडणी ठरवताना चित्रं उचलून इकडून तिकडे नाचवू नका. वर्तमानपत्रं चित्रांच्या मापात कापा, मास्किंग टेपने भिंतीवर लावा, दारातून आत येऊन बघा. कोपरे खरचटत नाहीत आणि निर्णय तासाभरात होतो.

चित्रं उंच टांगणे

उंच मुलांच्या हातात हातोडी दिली की चित्रं छताकडे सरकतात. गॅलऱ्यांमधला साधा नियम असा की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटिमीटरवर यावा. सगळ्या चित्रांचे वरचे कड एका रेषेत आणायची हौस सोडून द्या, मध्य एका रेषेत आणा. खिळ्याची उंची काढायची तर ५७ मध्ये फ्रेमच्या उंचीचा निम्मा मिळवा आणि तार ताणल्यावर तिचा वरचा बिंदू फ्रेमच्या कडेपासून जितका खाली येतो तेवढं वजा करा. फ्रेम ३० इंच उंच आणि तार ४ इंच खाली असेल तर ५७ अधिक १५ वजा ४, म्हणजे खिळा ६८ इंचांवर.

चित्र पुढे झुकतंय? मागच्या कड्या फार खाली लावल्यात. वरून एक तृतीयांशावर घ्या. सारखं तिरकं होतंय? एका खिळ्याऐवजी दोन खिळ्यांवर लटकवा. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असतो, ड्रिल लावलं की पोपडाच हातात येतो. तिथे वरच्या पट्टीवरून चित्रं सोडायची, आणि पट्टी नसेल तर पॅनेल उभे करायचे. एक इशारा नायलॉनच्या तंगुसाबद्दल. हलक्या कामाला तो छान, दिसतही नाही. पण वजन आलं की ताणला जातो आणि गाठही सरकते. संध्याकाळी सरळ लावलेली काचेची जड फ्रेम सकाळी दोन इंच खाली आलेली दिसते, ती नशीब चांगलं असेल तर. जड फ्रेमला स्टीलची तारच वापरा.

आणि पंखे! पिनांवर लावलेले कागद पंख्याखाली दिवसभर फडफडत राहतात, चौथ्या दिवशी पिनेभोवती फाटतात. पंखा तर बंद करता येत नाही, कारण मार्चात माणसं थांबणार नाहीत. मग कागदाचे खालचे दोन कोपरेही धरून ठेवा, नाहीतर ती कामं पंख्यापासून लांबच्या भिंतीवर न्या.

स्टुडिओत वेगळं दिसायचं, इथे मेलं

ही तक्रार दरवर्षीची, आणि कारण बहुधा दिव्यांत सापडतं. स्टुडिओत पांढऱ्याफटक ट्यूबखाली रंगवलेलं चित्र गॅलरीच्या पिवळसर स्पॉटखाली गेलं की निळे-हिरवे बसून जातात आणि तांबडे-पिवळे पुढे येतात. चित्र अजून ओलं, दुरुस्त करण्याजोगं असतानाच गॅलरीतल्या जातीचा एक बल्ब आणून त्याखाली बघा. नवे दिवे घ्यायची सोय असेल तर खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलेलं घ्या, स्वस्त एलईडीखाली त्वचेचा रंग आजारी दिसतो.

काचेत प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा दिसत असेल तर स्पॉट समोरून मारलाय. उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत, वरून खाली पाडा. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब येत असेल तर मात्र दिवे फिरवून उपयोग नाही, चित्राची जागाच बदला. जलरंग, छापील कागद आणि फोटो दुपारचं ऊन येणाऱ्या खिडकीसमोर कधीच नको. संग्रहालयांत कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास आणि तैलचित्राला २०० लक्सपर्यंत उजेड देतात. तुम्हाला आठवडाभरासाठी इतकं काटेकोर व्हायची गरज नाही, पण जलरंग अंधाऱ्या कोपऱ्यात ‘टाकलेत’ असं वाटून घेऊ नका, ते तिथे सुखी असतात.

लेबल: सगळ्यात स्वस्त वस्तू, सगळ्यात जास्त घोळ

नाव, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष. एवढंच तर लिहायचं असतं, आणि तेच आदल्या रात्री बारा वाजता लिहिलं जातं. मापात उंची आधी, रुंदी नंतर. माध्यमाच्या जागी ‘मिक्स मीडिया’ लिहिणं म्हणजे भाजीवाल्याने पाटीवर ‘भाजी’ लिहिण्यासारखं आहे. चारकोल, चहाचं पाणी आणि जुन्या साडीचा काठ वापरलाय ना, मग तसं लिहा. लोक तिथेच थांबतात.

भाषा दोन्ही हव्यात, मराठी आणि इंग्रजी. मराठी लेबल गुगलवरून उतरवून चिकटवू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं. पण खरा घोळ होतो छपाईत. तुमच्या लॅपटॉपवर सुंदर दिसणारी देवनागरी प्रिंटरकडे गेल्यावर वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे अशी येते. तुम्ही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलं असेल आणि प्रिंटरकडे तो फॉन्ट नसेल, तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा उमटतो. युनिकोडमध्ये टाइप करून फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये नेलं असेल तर जोडाक्षरं फुटतात, कारण त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा राहिलेला असतो. तो निवडा, मजकूर नीट झाला की सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये बदला, पीडीएफ करा आणि मगच पाठवा. आउटलाइन केल्यावर स्पेलिंग सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा आणि प्रूफ वाचायला मराठी नीट येणाऱ्या माणसाला द्या. मोठ्या व्हिनाइलवर ‘प्रर्दशन’ असं छापलेलं भिंतीवर चढलं की आठवडाभर प्रत्येक जण तेवढंच वाचतो.

कलाकाराचं निवेदन हा आणखी एक त्रास. ‘माझी कला अस्तित्वाच्या सीमारेषांचा शोध घेते’ हे वाक्य दहापैकी सहा मुलांच्या कामाखाली लावलं तरी चालतं, म्हणजे ते कुणाचंच नाही. भायखळ्याच्या चाळीचा जिना का काढला, तेलरंग सोडून विटेची भुकटी का घेतली, हे ७०-८० शब्दांत सांगा. अक्षरं किमान १८ पॉइंटची ठेवा, आजोबांना वाकायला लावू नका.

काळा पडदा आणि ‘नो सिग्नल’

व्हिडिओ कामांचं दुखणं कलेपेक्षा वायरींचं असतं. टीव्ही काही तासांनी आपोआप बंद होतो: सेटिंगमध्ये जाऊन वीजबचत आणि ऑटो पॉवर ऑफ दोन्ही काढून टाका. फाइल पेनड्राइव्हवर चढत नसेल तर ती चार जीबीहून मोठी आहे आणि ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात एवढी मोठी फाइल मावत नाही. लूप चालू ठेवा, दोन फिरींच्या मध्ये येणारा मेनू दिसतोय का ते स्वतः पूर्ण वेळ बसून बघा. लेबलवर कालावधी लिहा, चार मिनिटं आहे म्हटल्यावर माणूस थांबतो. आवाज असलेली दोन कामं शेजारी असतील तर एकाला हेडफोन लावाच. प्रोजेक्टर दुपारी उजेडाच्या खोलीत फिका पडणारच, तिथे टीव्ही बरा. आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर प्रोजेक्टर, स्पॉट आणि चहाची किटली लावली की उद्घाटनातच ट्रिप होतं.

शिल्पांचं थोडक्यात: पेडेस्टल पोकळ असेल तर आत वाळूची पिशवी ठेवा, चारही बाजूंनी माणसाला फिरता येईल एवढी जागा सोडा, आणि बाहेर पडायच्या दारासमोर काही म्हणजे काही ठेवू नका.

ओलं चित्र, रिक्षा आणि रविवार

फेब्रुवारीत जाडसर लावलेला तेलरंग मार्चात वाळलेला नसतो. वरून कोरडा लागतो, आत ओला असतो. त्यावर बबल रॅप गुंडाळला की गोल गोल ठसे कायमचे. ॲक्रिलिक वाळतं लवकर, पण उन्हात तापलेल्या टेम्पोत मऊ पडून प्लास्टिकला चिकटतं. रंगाच्या बाजूला आधी ग्लासिन किंवा बटर पेपर, त्यावर पुठ्ठा, मग बबल रॅप. रंग खरंच ओला असेल तर पृष्ठभागाला काहीच लागता कामा नये: चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे ठोकळे लावून कॅनव्हास उभा न्या. कॅनव्हास सैल पडला असेल तर मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोका. चारकोलवर फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा स्प्रे) मारायचं तर बाहेर मोकळ्या हवेत, गॅलरीत नव्हे. ते पेट घेतं आणि वासाने डोकं उठतं.

चार फुटांपुढचा कॅनव्हास टॅक्सीत जात नाही, रिक्षा तर माहीम-सायनच्या खाली येतच नाही. लोकलचा लगेजचा डबा दुपारी बारा-तीनच्या मध्ये जमतो, सकाळी नाही. पाच-सहा जणांनी मिळून टेम्पो करणं शेवटी स्वस्त पडतं.

उद्घाटन रविवारी ठेवू नका. मेगाब्लॉक असला की विरार-कल्याणची माणसं एकतर उशिरा येतात किंवा येतच नाहीत. फोर्टात प्रदर्शन असेल तर काळा घोडा महोत्सवाच्या तारखा आधी बघा. ती गर्दी तुमच्याकडे वळवता आली तर सोनं, नाही तर त्या आठवड्यात तुम्हाला कुणी विचारणार नाही.

‘केवढ्याला?’ या प्रश्नावर लाजणे

कुणीतरी विचारतंच. किमतीची यादी टेबलावर हवी, विकायचं नसेल तर तसं लिहा. घ्यायचं नक्की झालं की आगाऊ रक्कम आणि दोन ओळींची पावती, ओळखीतला माणूस असला तरी, किंबहुना असला तर नक्कीच. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी करार लागतो, आणि तो नसेल तर हक्क कलाकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं त्याच्याकडे किंवा वारसांकडे राहतात. घेणाऱ्याने ते चित्र कॅलेंडरवर छापायचं म्हटलं तर तो वेगळा व्यवहार आहे. कॉलेज काही टक्के कापणार असेल तर ते लावायच्या आधी विचारा, विकल्यावर नाही.

उतरवायला कुणीच नसणे

लावायला अख्खा वर्ग, उतरवायला दोघं. तारीख आणि वेळ लावतानाच ठरवा आणि प्रत्येक कामाच्या मागे नाव, फोन नंबर आणि ‘वर’ असा बाण लिहून ठेवा. ‘नंतर नेतो’ म्हणून स्टोअरमध्ये राहिलेली कामं जूनपर्यंत तिथेच असतात, आणि मग पाऊस सुरू होतो. मुंबईच्या पावसाळी हवेत प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या कागदावर बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. प्लास्टिक काढून आम्लरहित कागदाच्या थरांत आडवं ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती रंगात पसरते. ते काम बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या वाऱ्याच्या जागी पूर्ण सुकू द्या, आणि मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका.