गिअरबॉक्सला शिव्या देण्याआधी जरा थांबा, ट्रकवाल्यांनो या चुका टाळा

मागच्या वर्षी आमची दहा टायर गाडी घोटीच्या अलीकडे बंद पडली. वाशीला कांदा खाली करून रिकामी येत होती, म्हणजे लोडचाही विषय नाही, नुसतं डिझेल यायचं बंद झालेलं. क्रेनवाला बोलावला, त्याने पुढची चाकं उचलली आणि मागची चाकं रोडवर तशीच फिरवत गाडी नाशिकला आडगाव टर्मिनसपर्यंत ओढत आणली. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ न्यूट्रल करून ठेवलीय, काय होत नाही." डिझेलची लाइन तासाभरात दुरुस्त झाली, हवा काढली, गाडी चालू पण झाली, आणि पहिला टाकून क्लच सोडला तर आतून असा आवाज आला की शेजारच्या गॅरेजमधली पोरं हातातला चहा ठेवून बघायला आली.

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे पंधरा वर्षं स्टिअरिंग हातात असलेल्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं. बऱ्याच ट्रकच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये खालचा काउंटर शाफ्ट इंजिनच्या जोरावर फिरतो आणि तोच तेल उडवून वर फेकतो. इंजिन बंद असेल आणि गिअर न्यूट्रल असेल तर काउंटर शाफ्ट उभा. पण मागची चाकं रोडवर फिरतायत, ती प्रोपेलर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा लांब दांडा) फिरवतात, प्रोपेलर गिअरबॉक्समधला वरचा मेन शाफ्ट फिरवतो, आणि मेन शाफ्ट बिचारा घोटीपासून आडगावपर्यंत कोरडा फिरत येतो. म्हणजे न्यूट्रल केल्याने गिअरबॉक्स वाचला नाही, उलट न्यूट्रलमध्येच गेला. म्हणून गाडी टो करायची तर एक तर मागची चाकं उचला, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट खोला किंवा दोन्ही एक्सल काढा. खोलण्याआधी चाकांना दगड लावा, प्रोपेलर लोंबकळत ठेवू नका, तारेने चेसिसला बांधा. अर्ध्या तासाचं काम आहे. क्रेनवाला घाई करतो, करू द्या, गिअरबॉक्स त्याचा नाहीये.

कसारा घाट उतरताना न्यूट्रल मारणारे पण ह्याच लायनीतले. इंजिन चालू असतं म्हणून तेल थोडंफार उडतं, पण काउंटर शाफ्ट आयडलिंगवर आणि मेन शाफ्ट रोडच्या स्पीडने, आणि परत गिअर टाकताना हा सगळा फरक त्या छोट्याशा सिंक्रो रिंगने, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगने, भरून काढायचा. गाडीला आवरणारा इंजिनचा ब्रेक जातो, ड्रम तापतात, ते वेगळंच. आणि डिझेल वाचतं म्हणणाऱ्यांना एक सांगतो, आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनमध्ये गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की उतारावर इंजेक्टर डिझेल सोडायचंच बंद करतो, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल लागतंच. म्हणजे ज्यासाठी हे सगळं करताय तेच होत नाही.

आता ट्यूनिंग. हा विषय काढला की माझं डोकं जरा तापतं. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीचा जड माल ओढणारे बरेच जण हल्ली रिमॅप करून घेतात, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवतात, लॅपटॉप लावला, अर्ध्या तासात गाडी वाघ. पहिले दोन महिने खरंच मजा येते, राहुड घाटात एक गिअर वर चढते. पण हिशोब करून बघा. समजा इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ९५० न्यूटन मीटर आणि पहिल्या गिअरचा रेशो १० धरला, तर प्रोपेलरवर ९,५०० जातो. रिमॅपने २० टक्के वाढवला तर ११,४००. गिअरचे दात, शाफ्ट, बेअरिंग सगळे तेच, जुनेच. आणि बेअरिंगचा हिशोब साधा नसतो, लोड २० टक्के वाढला तर आयुष्य २० टक्के कमी होत नाही, जवळजवळ निम्म्यावर येतं, कारण ते लोडच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं. त्यात २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने तीन एक्सल गाडीचं वजन २५ टनांवरून २८.५ टन केलं, ते ऐकून लोकांनी जुन्या गाड्यांवर पण तेवढाच माल टाकला. कागदावर वजन वाढलं म्हणून आतले गिअर जाड झाले का?

बरं, पोरं यूट्यूबवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघतात आणि म्हणतात तिकडे बघा कसली ट्यून करतात. तिकडच्या त्या डिझेल पिकअपमध्ये बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, जीएमच्या गाडीत २००१ पासून ॲलिसन १००० आला. कंपनी स्वतःच खालच्या गिअरमध्ये इंजिनचा टॉर्क दाबून ठेवते. तिकडचा शहाणा ट्यूनर पॉवर वाढवायच्या आधी टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) बदलतो, आतले क्लच पॅक बदलतो, मोठा ऑइल कूलर टाकतो, कारण त्या गिअरबॉक्सला दाताआधी उष्णता मारते, आतले क्लच घसरतात आणि तेल जळून काळं होतं. एवढं सगळं करूनही तिकडे गिअरबॉक्स फुटतातच. आपल्याकडचा रिमॅपवाला क्लचचं नावसुद्धा काढत नाही.

मग क्लच घसरायला लागतो, जळका वास येतो, आणि शेठ दुकानात जाऊन जास्त कडक प्रेशर प्लेट आणतात. इथेच खरी चूक आहे. क्लच घसरत होता म्हणजे तो फ्यूजसारखा मधे उभा होता, झटका स्वतः खात होता. तुम्ही फ्यूज काढून तार जोडली. आता तो झटका पुढे जातो, कधी प्रोपेलरचा क्रॉस (सांधा) तुटतो, कधी क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधले गिअर), आणि नशीब अगदीच खराब असेल तर गिअरबॉक्स. रिमॅप केलाच असेल तर निदान पहिल्या-दुसऱ्या गिअरचा टॉर्क कंपनीचा मूळचाच ठेवायला सांगा, लोडेड गाडी तिसऱ्यावर उचलू नका, आणि ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी) बंद करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, बीएस ६ गाडीत ते बेकायदेशीर आहे.

तेलाचं बोलू. आमचे मिस्त्री ड्रेन बोल्ट खोलला की तेल अंगठा आणि बोटात चोळतात आणि हात उन्हात फिरवतात. त्या दिवशी त्यांच्या अंगठ्यावर सोनेरी चमक होती, बारीक, लग्नातल्या चमकीसारखी. "पितळ आहे," म्हणाले, "सिंक्रो खाल्ली." चुंबकवाल्या बोल्टवर काळं लोण्यासारखं चिकटलेलं असेल तर ते चालतं, पण नखाएवढा तुकडा निघाला तर गाडी पुढे हलवू नका. पितळ खाण्याचं एक मोठं कारण म्हणजे हौसिंगचं (मागच्या एक्सलमधल्या डिफरेन्शियलचं) उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतणं. हौसिंगला जीएल-५ ग्रेडचं तेल लागतं, त्यातली काही केमिकल पितळाला सोसत नाहीत, आणि बऱ्याच सिंक्रोवाल्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असतं. दोन्हींवर ८०डब्ल्यू-९० (तेलाच्या जाडपणाचा आकडा) लिहिलेलं असतं म्हणून फसायला होतं. गाडीचं पुस्तक बघा, ते कॅबिनमध्ये फडक्याखाली कुठेतरी असतंच.

आवाज आला की लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की जातो, तर इनपुट किंवा काउंटर शाफ्टचं बेअरिंग बघा. क्लच दाबल्यावरच आवाज येतो तर बहुतेक रिलीज बेअरिंग. सगळेच गिअर कर्रकर्र करून पडतायत, विशेषतः पहिला आणि रिव्हर्स, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, क्लच पूर्ण सुटत नाहीये, हवा, तेल, ॲडजस्टमेंट बघा. एकच गिअर कर्रकर्र करतो तर त्याची सिंक्रो. हाय-लो (हवेवर चालणारी गिअरची वरची-खालची रेंज) बदलत नसेल तर आधी हवेचं प्रेशर आणि पाइप तपासा, पाणी साचलं असेल तर एअर ड्रायरचा फिल्टर बदला, आणि उतारावर जोरात असताना लो मारणं बंद करा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या जाममध्ये क्लचवर पाय ठेवून बसणाऱ्यांना मी काय सांगू, एएमटीवाले (ज्यात गिअर-क्लच मशीनच चालवतं) पण चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर गाडी धरतात, आतला क्लच तोच कोरडा असतो, तो जळतोच.

एक शेवटची, फार बारीक. आमच्या दुसऱ्या गाडीचं सील गळत होतं, तेल क्लच प्लेटवर जायचं. दोनदा सील बदललं, परत गळती. मला वाटलं तेल जास्त भरतोय म्हणून, लेव्हल सपाट जागेवर बोल्टच्या तोंडापर्यंत करून बघितली, तरी तेच. तिसऱ्यांदा मिस्त्री वर वाकून बघतात तर ब्रीदरवर (गिअरबॉक्सची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर) शेतरस्त्याच्या मातीचा वाळलेला गोळा, तोंड पूर्ण बंद. आतली गरम हवा जाणार कुठे, तिने सीलमधूनच वाट काढलेली. ब्रीदर खोलून तारेने साफ केला, डिझेलने धुतला, सील नवीन टाकलं, आजपर्यंत बेलहाउसिंग (क्लचवरचं कव्हर) कोरडी आहे.