रुग्णसेवा साहाय्यक होताना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरातील ज्यांना रुग्णसेवेत यायचे आहे, त्यांनी प्रथम हे समजून घ्यावे की साहाय्यकाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम म्हणजे परिचारिकेची पात्रता नव्हे. परिचारिका होण्यासाठी बारावीनंतर एएनएम (साहाय्यक परिचारिका व प्रसविका) अभ्यासक्रमाची २ किंवा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) अभ्यासक्रमाची ३ वर्षे, किंवा नर्सिंगची पदवी, आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडील नोंदणी लागते.

साहाय्यकाने रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलून देणे, भरवणे, तापमान नोंदवणे ही कामे शिकावीत. इंजेक्शन मात्र देऊ नये, नातेवाइकांनी कितीही गळ घातली तरी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी, अन्यथा पाठीला जखमा होतात.

मराठी शाळेत शिकलेल्यांनी कामापुरते कन्नड लिहायला-वाचायलाही शिकावे, कारण माझ्या मते इथल्या वॉर्डात प्रमाणपत्राइतकेच तेही उपयोगी पडते.