आधी काकांना फोन, मग ग्रुपवर मेसेज: मित्रांना हुरड्याला नेताना

दिवाळीचा चिवडा संपतो न संपतो तोच आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतो, "यंदा हुरडा कधी?" आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण आमच्या बारा जणांत कसतं शेत आता माझ्याच माहेरी उरलंय. परभणी जिल्ह्यातल्या सेलूपासून अर्ध्या तासावर, काळी जमीन, काका बघतात. गेली सहा वर्षं मी ही वरात संभाजीनगरहून नेतेय. पहिल्या दोन वर्षांत करता येतील तेवढ्या चुका करून झाल्या, म्हणून आता चार गोष्टी सांगते.

पहिली चूक तारखेची. आम्ही ग्रुपवर मतदान घेतलं. डेंटिस्टला शनिवार नको, बँकवालीला महिन्याची सुरुवात नको, एकाच्या पोराचं गॅदरिंग. सगळ्यांच्या सोयीचा निघाला तो जानेवारीतला शेवटचा रविवार. पोचलो तर काकांनी ज्वारीचं एक कणीस मोडून माझ्या हातावर ठेवलं. दाणा नखानं दाबला तर नखच दुखलं. "आता ह्याच्या भाकरीच खा माय. हुरडा पंधरा दिवसांखालीच गेला," म्हणाले. त्या दिवशी आम्ही बोरं खाल्ली, विहिरीच्या काठावर फोटो काढले आणि निमूट परत आलो. डेंटिस्टनं जाताना पेट्रोलचा हिशोब तेवढा चोख मागितला.

तारीख कणीस ठरवतं. रब्बीची ज्वारी आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. ती आधी पोटरीत येते (कणीस अजून पानाच्या आत), मग निसवते (कणीस बाहेर पडतं), फुलोरा येतो, दाण्यात दूध भरतं आणि ते दूध घट्ट व्हायला लागलं की ज्वारी हुरड्यात आली म्हणायचं. पेरणीपासून साधारण तीन महिने, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही. दाण्यातली साखर तोवर पुरती पिठूळ झालेली नसते, सगळी गोडी तिचीच. पण हे दिवस मोजून आठ-दहा. नखानं दाणा दाबा: पांढरं दूध उडालं तर अजून चार-पाच दिवस थांबा, दाणा हिरवा आणि मऊ असून लोण्यासारखा दबला तर उद्या सकाळीच गाडी काढा, दाणा टणक लागून नख घसरलं तर बोरं खा.

म्हणून आता मी डिसेंबर लागला की दर रविवारी काकांना फोन करते. ते पोटरी, निसवा असं सांगत जातात आणि एक दिवस म्हणतात, "आली बघ हुरड्यात." मग ग्रुपवर दोन रविवार टाकते, तिसरा पर्याय देत नाही. येतील ते येतील. गंमत म्हणजे मतदान बंद केल्यापासून माणसं जास्त यायला लागली. दोन रविवार कुठून, तर काका हुरड्याची चार-चार तासं, म्हणजे ओळी, दहा दिवसांच्या फरकानं दोनदा पेरतात. आधी माझ्यासाठी पेरतात असं वाटायचं, नंतर कळलं की आत्याच्या नातवंडांसाठी पेरतात आणि आम्ही त्यांच्या पंगतीत घुसतो.

वाणाचं आधीच विचारून घ्या. मालदांडी भाकरीला एक नंबर, पण तिचा हुरडा काढायचा म्हणजे तळहाताची सालटं निघतात, दाणा बोंडाला, म्हणजे वरच्या टरफलाला, सोडतच नाही. हुरड्याला गूळभेंडी, कुचकुची, सुरती असली जुनी वाणं बांधाच्या कडेनं लावतात. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत' हे खास हुरड्याचं वाण काढलंय, राहुरीच्या विद्यापीठाचे 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' आहेत. काका मात्र गूळभेंडीवरच अडून आहेत. बी त्यांच्या आईच्या गाडग्यातलं आहे म्हणतात आणि त्यावर वाद घालायची माझी टाप नाही.

ज्यांचं शेत नाही त्यांनी शहराबाहेरच्या हुरडा पार्टीला खुशाल जावं. फोनवर तीन गोष्टी विचारा: वाण कोणतं, कणसं त्याच सकाळी तोडता का, आणि आगटीवर, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्याशी, आम्हाला बसू देता का. तिसऱ्याला "नाही" आलं तर ते हॉटेलच आहे, फक्त भिंती नाहीत.

निघायचं पहाटे. जालना, परतूर करत आम्हाला तीन तास लागतात, त्यात जालन्याच्या पुढे चहाचा एक थांबा, दोन नाही. ऊन तापायच्या आत कणसं तोडलेली बरी आणि तोडली की त्याच दिवशी खावी, ठेवली की गोडी उतरत जाते. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घाला. ज्वारीची पानं हाताला कापतात आणि कूस, म्हणजे त्यावरची बारीक लव, लागली की दिवसभर खाजवत बसाल. आगटीजवळ जॉर्जेटची ओढणी नको, ठिणगी पडली की भोकच पडतं. माझ्या पिवळ्या ओढणीला तीन आहेत. चपला नकोत, बूट घाला. शेजारच्या गव्हाला पाणी दिलेलं असेल तर काळी माती चप्पल धरून ठेवते आणि तुम्ही अनवाणी पुढे जाता. आणि बायांनो, आधी गावातल्या घरी थांबा, चहा घ्या, बाथरूमला जाऊन या, मग शेताकडे निघा. हे कुणी सांगत नाही आणि दुपारी बारा वाजता सगळ्यांच्या लक्षात येतं.

आता आगटी. इथे घाई करू नका.

वाऱ्याची दिशा बघून, उभ्या पिकापासून आणि बांधावरच्या वाळल्या गवतापासून चांगलं लांब, मोकळ्या जागी वीतभर खोल आणि दोन हात रुंद खड्डा करा. पाण्याची घागर शेजारी भरून ठेवा. तळाला थोड्या पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) नाहीतर तुराट्या (तुरीच्या काड्या), त्यावर वाळलेल्या गोवऱ्या रचा. लाकडं नकोत. लाकडाचा जाळ वर उठतो, कणीस बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. गोवरीचा आर शांत आणि एकसारखा असतो. पेटवल्यावर अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. धूर जाऊ द्या, जाळ बसू द्या. वर राखेची पांढरी साय धरली आणि खाली लाल दिसायला लागलं की आगटी तयार. शहरातली माणसं इथेच गडबड करतात. जाळ दिसला की त्यांना कणीस टाकावंसं वाटतं.

कणसं देठासकट, देठ बाहेर राहील असं फुफाट्यात खुपसा आणि वरून काडीनं थोडी गरम राख ओढा. एका वेळी आठ-दहा, जास्त नाही. तीन-चार मिनिटांत गोडसर वास सुटतो, तेव्हा फिरवा, पुन्हा तेवढंच थांबा. बोंडांची टोकं तपकिरी झाली आणि दाणा अजून हिरवा आहे, हीच वेळ. काढलं की राख झटका आणि गरम आहे तोवरच चोळा. गार झालं की दाणा पुन्हा बोंडाला चिकटून बसतो. काका नुसत्या तळहातांवर चोळतात. त्यांच्या तळहातांना पन्नास वर्षांची सवय आहे, तुमच्या नाही. तुम्ही जाड सुती फडक्यात कणीस धरून परातीवर चोळा. मग दाणे या हातातून त्या हातात ओतत फुंकर मारा, सगळं भुसकट उडेपर्यंत. नीट फुंकलं नाही तर घशाला कूस लागते आणि खोकून खोकून चव कळत नाही.

माणशी चार-पाच कणसं धरा. बँकवाली नऊ खाते, तेवढी जास्तीची मोडून ठेवतो.

तिसऱ्या वर्षी रीलचा अपघात झाला. सकाळचं तिरपं ऊन, त्यात आगटीचा निळा धूर, दिसतं ते खरंच देखणं. आमच्यातल्या एकीनं "थांबा, हलू नका, पुन्हा एकदा फुंकर मारा" करत सात वेळा शूटिंग केलं आणि तेवढ्यात दहा कणसांचा कोळसा झाला. काका जवळ येऊन शांतपणे म्हणाले, "ते का आता फोनमदी भाजायलाव काय?" तेव्हापासून नियम असा की पहिली खेप पोटाची, दुसरी कॅमेऱ्याची. रील पण बरं होतं, पोट भरलेली माणसं जास्त हसतात.

दुसरा नियम पाळीचा. जो आगटीवर बसतो त्याला खायला मिळत नाही, हे हुरड्याचं जुनं दुखणं. तो भाजतो, दुसरा चोळतो, बाकीचे परातीभोवती चिमण्यांसारखे. आमच्याकडे हा भार सुरुवातीला एकाच मुक्या सभ्य माणसावर पडला आणि परतताना तो परतूरला वडापाव घेऊन खाताना सापडला. इतकी लाज वाटली सांगू. आता दर दोन खेपांनी माणूस बदलतो आणि भाजणाऱ्याची वाटी सगळ्यांत आधी भरून बाजूला ठेवतो.

सोबत काय न्यायचं? शेंगदाणा-लसणाची चटणी, उखळात जाडसर कुटलेली, मिक्सरची नको, ती पिठासारखी होते आणि हुरड्याला चिकटून बसते. जवसाची किंवा कारळाची एक. घट्ट दही. गूळ. रेवड्या आणि गोडीशेव ज्यांना लागतात त्यांनी आपापल्या आणाव्या, माझ्या मते गोडावर गोड कशाला. शेतातच टहाळ, म्हणजे हिरवा हरभरा, असेल तर दोन मुठी त्याच आगटीत टाकून हुळा करा, तोंडं काळी करून खायला मजा येते. आणि दुपारचं जेवण साधं ठेवा. एका वर्षी काकूनं प्रेमानं भरीत, पिठलं, पुरणपोळी असं सगळं केलं आणि हुरडा खाल्लेली आठ माणसं ताटाकडे बघत बसली. काकूला वाईट वाटलं ते वेगळंच. आता आधीच सांगते, "काकू, भाकरी, ठेचा न् ताक, बस्स." ताक हवंच. हुरडा पोटाला जड, त्यावर गार पाणी पिऊ नये असं आजी म्हणायची. एकदा पिऊन बघितलं, आजीचं बरोबर होतं.

माझं आजोळ लातूरकडचं. तिकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते, शेतात कडब्याची खोप करून पांडवांची पूजा, भज्जी (मिसळीची भाजी), आंबिल (ज्वारीचं पीठ न् ताकाचं आंबवलेलं पेय), उंडे. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाका मारून जेवायला बसवतात. लातूरचा एखादा मित्र असेल तर त्या दिवशी त्याच्या मागं लागा, तिथे हुरड्याची वेगळी पार्टी करायची गरजच नाही. फक्त आंबिल माठातून पहिल्यांदा पिताना सावकाश. दुसऱ्या तांब्यानंतर झाडाखाली झोप लागते.

स्पीकर न्यायचा की नाही यावर आमच्यात दोन पार्ट्या आहेत. मी न नेणाऱ्यांतली. पण एका वर्षी लग्नातली डीजेची गाणी लावल्यावर ज्वारीवरचा सगळा थवा उडाला, तेव्हा काकाच म्हणाले, "राहू द्या, गोफणीपेक्षा बरंय." तासभर चालू द्या, मग बंद करा. भेंड्या आणि दम शेराज त्याच्यानंतर जास्त रंगतात. दम शेराजला जुन्या मराठी सिनेमांची नावं घ्या, लांबलचक असतात, नाचता नाचता दम निघतो.

शेतात चालायचं ते तासांच्या मधून आणि एकामागे एक. तुम्हाला कणीस दिसतं, शेतकऱ्याला खालचा कडबा दिसतो. तो शेकड्यावर विकला जातो, आणि उन्हाळ्यात जनावरांचं पोट त्याच्यावर. ताटं मोडली की आडवी होऊन किडतात. फोटोसाठी पिकात घुसणाऱ्याला मी आता हाताला धरून बाहेर काढते, मग तो डेंटिस्ट का असेना. प्लॅस्टिकचे ग्लास, वेफर्सची पाकिटं मोजून न्या आणि मोजून परत आणा, गाय पिशवी खाते तेव्हा तुम्ही घरी झोपलेले असता. निघताना आगटीवर ती घागर ओता, राख काठीनं उकरा, पुन्हा ओता.

पैशाचं अवघड आहे. काकांना पैसे दिले तर ते चार दिवस बोलणार नाहीत. म्हणून आम्ही वर्गणी काढून काहीतरी वस्तू नेतो. एका वर्षी चार्जिंगची बॅटरी नेली, रात्रीची लाईट आली की पाणी द्यायला जाताना कामाला येते. ती गेली तशी काकांच्या उशाशी आहे. गेल्या वर्षी डेंटिस्टनं काकूची दाढ फुकट बघून दिली, त्याचा मान तेव्हापासून माझ्यापेक्षा जास्त. सालगड्याच्या हातात मात्र न विसरता रोख द्या. कणसं त्यानं पहाटे थंडीत तोडलेली असतात.

उरलेला हुरडा डब्यात कोंबून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. तो पसरून गार करा. दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, थोडं बेसन घालून त्याची थालीपीठं लावा, नाहीतर उसळ करा. जास्तच असेल तर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून बरणीत भरा. माझ्या बरणीत गेल्या जानेवारीतला अजून मूठभर आहे. पावसाळ्यात भिजवून उसळ करायची ठरवली होती, पण कुणी ना कुणी येतं, झाकण उघडतं, वास घेतं आणि पुन्हा लावून ठेवतं.