स्पर्सचा सगळ्यात भारी ड्राफ्ट पिक कोण? गंगावेशीत वाद घालायचा असेल तर आधी हे वाचा

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची मॅच आपल्याकडं सकाळी सकाळी असते, मग ती दिवसभर डोक्यात घोळत राहते आणि रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीशेजारी फेसाळ दुधाचा ग्लास हातात घेतला की वादाला तोंड फुटतं. आमच्यात सॅन अँटोनियो स्पर्सवाले लै, म्हणून त्यांचंच घेतो. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी टीमनी नंबरानं नवे प्लेअर निवडायचे, आणि त्यातली एकेक निवड म्हणजे पिक.

सुरुवातीलाच विचारून घ्या, 'भारी प्लेअर' म्हणतोयस का 'भारी पिक'? हे ठरलं नाही तर तासभर भांडून कळतं की दोघं वेगळंच बोलत होते. प्लेअर म्हणाल तर विषय कट, टिम डंकन. १९९७, पहिला नंबर, १९ सीझन एकाच टीमकडं, ५ टायटल. पण त्यात निवडणाऱ्याची हुशारी कुठं आली हो? आदल्या सीझनला टीमचा हुकमी प्लेअर डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळं ६च मॅच खेळला, टीम ६२ मॅच हरली, मागं पडलेल्या टीमचे निवडीचे नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत नशीब उघडलं, आणि डंकनला तर कुणीबी डोळे झाकून घेतला असता. नावाजलेली म्हैस नंबर लागला म्हणून दारात आली, तर पारख केली असं म्हणायचं का.

माझं मत मानू जिनोबिली. १९९९, ५७वा नंबर, आणि त्या ड्राफ्टमध्ये पिकच होते ५८! आला २००२ ला, ४ टायटल घेऊन गेला. समोरचा तयारीचा असेल तर म्हणंल, एवढी पारख होती तर त्याच वर्षी २९वा नंबर स्पर्सकडंच होता, तिथं का नाही घेतला? तिथं लिऑन स्मिथ घेतला आणि डॅलसच्या टीमला देऊन टाकला. ह्यावर माझ्याकडं अजून धड उत्तर नाही, मी एवढंच म्हणतो की बाकीच्यांनी तर शेवटपर्यंत घेतला नाही, आणि दुधाचा घोट घेतो.

टोनी पार्कर (२००१) आणि रॉबिन्सन (१९८७, नेव्हीमुळं दोन वर्षं वाट बघायला लावली) ही नावं निघणारच, निघू द्या.

खरी मजा सापळ्यात आहे. कुणीतरी कवाय लेनर्ड म्हणणार म्हणजे म्हणणारच, तेव्हा मधी तोडायचं नाही, पूर्ण बोलू द्यायचं, २०१४ चा फायनल्स एमव्हीपी (फायनलचा सगळ्यात भारी प्लेअर) वगैरे सगळं, आणि मग हळूच सांगायचं की २०११ ला १५व्या नंबरला त्याला घेतला इंडियानाच्या टीमनं, स्पर्सनं आपला प्लेअर जॉर्ज हिल देऊन त्याच रात्री आणला. तो ट्रेड झाला भावा, पिक नव्हे. जॉर्ज गर्विनचं पण तसंच, तो १९७४ ला व्हर्जिनिया स्क्वायर्स टीमकडनं विकत घेतलेला.

आणि मोबाईल खिशात. आधी बोलायचं, मग बघायचं, जो चुकला त्यानं सगळ्यांच्या दुधाचे पैसे द्यायचे. मी मागं पार्करला छातीठोक २७वा म्हणालो, निघाला २८वा, चार ग्लास माझ्या नावावर.